विषय: दादाभाई नौरोजींच्या पुतळ्याच्या चौथऱ्याची भेग (पुन्हा)

नमस्कार मंडळी,
गावाहून फोटो आले. उत्तरेकडच्या भेगेत आता बोट जातं, ग्रॅनाइटची एक फरशी सुटली आहे. मिस्त्री म्हणतो, पावसाआधी सिमेंट भरून देतो. पैसे उद्या पाठवायचे आहेत. हरकत असल्यास आजच कळवा.
– खजिनदार

हरकत आहे. सिमेंट भरू नका.
हिंगणघाटकडची ती काळी कापसाची जमीन. मे महिन्यात आकसते, पावसाळ्यात फुगते. आत्ता भेग पूर्ण उघडी आहे. तिच्यात कडक माल ठासला की जुलैत तिला मिटायला जागा उरणार नाही आणि चौथरा शेजारी फुटेल. ४ सप्टेंबरच्या जयंतीला सगळं ठीक दिसेल, पुढच्या उन्हाळ्यात दोन भेगा असतील. पाया साडेतीन मीटरच्या अंडर-रीम्ड पाइल्सवर (तळाशी फुगीर काँक्रीटच्या खांबांवर) घ्या, असं चौथरा बांधतानाच लिहिलं होतं.
आता भेगेवर काचेची पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की करा, तारीख टाका. काच तडकली म्हणजे भेग चालू आहे. तोंडाशी पॉलीसल्फाइड सीलंट भरा, ते ताण सोसतं. मग भोवतीची काळी माती काढून मुरूम भरा, थराथराने ठोका. एका वेळी एकच बाजू उघडायची, पायाच्या तळाखाली जायचं नाही. वर दोन मीटर रुंद फरसबंदी, उतार बाहेर.
– बांधकाम समिती

पाण्याचं निघालंच आहे म्हणून. जयंतीच्या आदल्या दिवशी पुतळ्याला चिंच-मीठ लावतात ते बंद व्हायला हवं. चिंचेने ब्राँझचा संरक्षक थर जातो, मीठ बारीक छिद्रांत राहतं आणि दमट हवेत फिकट हिरवी भुकटी सुटते. साधं पाणी, सौम्य साबणाचे चार थेंब, मऊ ब्रश. पूर्ण वाळल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, तोही सकाळी, धातू कोमट असताना. टाचेखालचं निचऱ्याचं भोक गुलालाने बुजलंय, फोटोत दिसतं. ते मोकळं करा, नाहीतर पाणी आतल्या लोखंडी सांगाड्याला लागेल.
– देखभाल

फरशी सुटलीच आहे तर तिच्यावरचा मजकूरही बदला. ‘पहिले भारतीय खासदार’ यावर दरवेळी कोणीतरी डाइस सोम्ब्रे यांचं नाव काढतं. अंशतः भारतीय वंशाचे ते गृहस्थ १८४१ मध्ये इंग्लंडमधल्या सडबरीतून ब्रिटिश संसदेवर निवडून आले होते.
– स्मारक समिती

ती निवड १८४२ मध्ये लाचखोरीवरून रद्द झाली, हेही सांगा की! ‘१८९२ साली सेंट्रल फिन्सबरीतून ब्रिटिश संसदेवर निवडून गेले’ एवढंच कोरा, वाद मिटला. पण खर्च स्मारक समितीचा. चौथऱ्याच्या पैशांतला एक पौंडही अक्षरांना देणार नाही, आणि मिस्त्रीला थेट फोन करू नका, निरोप आमच्याकडून जाऊ द्या.
– बांधकाम समिती

सिमेंटचे पैसे थांबवले. काच आणि सीलंटपुरते आज पाठवतो. मुरुमाचं, ताई-दादांनो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या हिशेबाने दर मागवा, ब्रासचा (१०० घनफुटांचा) आकडा मोजून घ्या.
– खजिनदार