मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली कार्यालयात आणि नोंदवहीत ‘कारण’ लिहिण्याची सक्ती: शाळेला असा नियम करता येतो का?

प्रश्न: एक आई, जालना जिल्हा

माझी मुलगी शेजारच्या गावातील जिल्हा परिषद प्रशालेत आठवीत शिकते. या वर्षी शाळा सुरू झाल्यापासून मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप लावले जात आहे. किल्ली कार्यालयात, लिपिकांच्या टेबलामागे खिळ्याला अडकवलेली असते. मधल्या सुट्टीत कुलूप उघडले जाते. इतर वेळी मुलीने आधी तासावर असलेल्या शिक्षकांची परवानगी घ्यायची, मग कार्यालयात जाऊन किल्ली मागायची आणि तिथल्या नोंदवहीत नाव, इयत्ता, वेळ व कारण लिहून सही करायची, अशी पद्धत आहे. कारणाच्या रकान्यात सगळ्याच मुली ‘लघवी’ असे लिहितात, पण एकाच दिवशी दुसऱ्यांदा किल्ली मागितली की “आताच तर जाऊन आलीस ना?” असे विचारले जाते, आणि त्या वेळी कार्यालयात इतर शिक्षक, कधी कधी कामानिमित्त आलेली गावातली माणसेही बसलेली असतात.

याचा परिणाम असा झाला आहे की माझी मुलगी पाळीचे पहिले दोन दिवस शाळेतच जात नाही, आणि एरवीही शाळेत असताना पाणी पिण्याचे टाळते. तिच्या वर्गातील इतर मुलींच्या आयांशी बोलले, तेव्हा त्यांच्याही घरी हेच चालले असल्याचे कळले. मी वर्गशिक्षकांकडे हा विषय काढला, तेव्हा त्यांनी चांगल्या भावनेनेच सांगितले की, पाळी असेल त्या दिवशी मुलीने घरून चिठ्ठी आणावी, म्हणजे तिला किल्लीसाठी कोणी अडवणार नाही. मात्र अशी चिठ्ठी न्यायला मुलगी अजिबात तयार नाही, आणि तिचे म्हणणे मला पटते.

असा नियम कायद्यात बसतो का आणि दाद कोणाकडे मागावी? मुलीचे नाव पुढे न येता हा विषय कसा मांडता येईल? शाळेतील शिकवणे चांगले आहे. मला शाळेशी भांडण नको आहे, नियम मात्र बदलायला हवा.

उत्तर १: निवृत्त मुख्याध्यापिका, परभणी जिल्हा

ताई, चिठ्ठीला नकार देणारी तुमची मुलगी अगदी बरोबर आहे. जी सवलत मिळवण्यासाठी ‘मला पाळी आली आहे’ हे आधी कोणाला तरी सांगावे लागते, ती सवलत बहुतेक मुली घेतच नाहीत. त्या कळ सोसतात, पदर किंवा ओढणी सावरत बसून राहतात, नाहीतर घरी थांबतात. म्हणून पाळी असलेल्या मुलींसाठी वेगळी सवलत मागू नका. सर्व मुलींना, सर्व दिवशी, कारण न विचारता स्वच्छतागृहात जाता आले पाहिजे, अशी मागणी करा. सगळ्याच मुली विनाचौकशी जाऊ-येऊ लागल्या म्हणजे त्यांतली कोणती मुलगी कशासाठी गेली हे कोणालाच कळत नाही, आणि मुलीला हवे असते ते एवढेच.

त्या नोंदवहीकडे मी विशेष लक्ष वेधते. नाव आणि वेळ रोज लिहिली गेली की कोणती मुलगी महिन्यातील कोणत्या दिवसांत वारंवार जाते, हे ती वही उघडणाऱ्या कोणालाही समजते. म्हणजे प्रत्येक मुलीच्या पाळीच्या तारखा शाळेच्या कार्यालयात, सर्वांच्या हाताशी, लिहून ठेवल्यासारखे होते. नियम करणाऱ्यांच्या मनात हे कदाचित आलेही नसेल, परंतु आता ते त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. ती वही बंद व्हावी आणि जुनी पाने मुख्याध्यापकांनी कार्यालयात उघड्यावर न ठेवता स्वतःच्या ताब्यात घ्यावीत, हे मागणीत अवश्य लिहा.

आमच्या शाळेत आम्ही प्रत्येक वर्गाच्या दाराशी दोरीला एक लाकडी पट्टी अडकवली होती. मुलीने उठायचे, पट्टी घ्यायची, जाऊन यायचे आणि पट्टी पुन्हा जागेवर लावायची. शिक्षकांना काही विचारायचे नाही आणि शिक्षकांनीही काही विचारायचे नाही. पट्टी जागेवर नसेल तर कोणीतरी बाहेर आहे हे शिक्षकांना आपोआप दिसते. पॅडही बाईंच्या कपाटात ठेवू नयेत. तिथे ठेवलेली पाकिटे वर्षअखेरीस तशीच शिल्लक राहतात आणि मग ‘मुलींना गरज नाही’ असा अहवाल जातो. आम्ही ती स्वच्छतागृहातच झाकणाच्या डब्यात ठेवली. पहिल्या काही आठवड्यांत ती भराभर संपली, कारण मुलींनी घरी बहिणींसाठीही नेली; पुढे वापर आपोआप बेताचा झाला.

स्वच्छतागृहात स्वतः जाऊन पाहा. दाराला आतून लागणारी कडी आहे का, दार खालून कुजले आहे का, झरोका मुलांच्या मैदानाकडे उघडतो का, हे बघा. आत खुंटी किंवा लहान फळी नसेल तर नवे पॅड हातात धरून, ओल्या फरशीवर तोल सांभाळत कपडे आवरणे किती अवघड होते, हे पुरुष अधिकाऱ्यांना सांगितल्याशिवाय समजत नाही. झाकणाची कचरापेटी प्रत्येक स्वच्छतागृहाच्या आत हवी. ती बाहेर ओट्यावर असली तर कागदात गुंडाळलेले पॅड सगळ्यांसमोर टाकायला जायला कोणतीही मुलगी धजत नाही आणि मग ते भांड्यात टाकले जाऊन सगळे तुंबते.

उत्तर २: वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, लातूर जिल्हा

बाईंच्या म्हणण्याला वैद्यकीय आधारही आहे. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षे चक्र बहुधा नियमित नसते. आठवी-नववीतील मुलीची पाळी भूगोलाच्या तासालाही अचानक सुरू होऊ शकते, त्यामुळे सकाळी घरून चिठ्ठी आणण्याची अट पाळणे तिच्या हातातच नसते. पॅड साधारणपणे चार ते सहा तासांनी बदलावे लागते आणि पहिल्या दोन दिवसांत स्राव जास्त असल्यास त्याहून लवकर. शाळेचे तास आणि येण्याजाण्याचा वेळ धरला तर एकट्या मधल्या सुट्टीत, तेही रांगेत उभे राहून, हे भागत नाही. शिवाय गर्भाशयाचे आकुंचन घडवणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये आतड्यांवरही परिणाम करतात, त्यामुळे या दिवसांत काही मुलींना पातळ शौचास होते. “आताच तर जाऊन आलीस ना?” या प्रश्नाचे खरे उत्तर कोणतीही मुलगी कार्यालयात उभी राहून देऊ शकणार नाही.

पाणी न पिणे आणि लघवी तुंबवून धरणे यामुळे मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. जळजळ, वारंवार लघवीला लागणे किंवा ताप असेल तर तपासणी करून घ्या. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: तास-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, पाळी सात दिवसांहून अधिक चालत असेल किंवा उठवणार नाही इतके पोट दुखत असेल, तर शाळा बुडण्याचे कारण केवळ कुलूप आहे असे न मानता मुलीला रुग्णालयात दाखवा आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी ती घेते का, हेही विचारा. गैरहजेरीच्या दिवशी ती गोळी चुकते.

उत्तर ३: शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य, बीड जिल्हा

ताई, कायद्याच्या बाजूविषयी थोडे सविस्तर लिहितो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 च्या अनुसूचीत मुलग्यांसाठी आणि मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असणे बंधनकारक केले आहे. हा कायदा आठवीपर्यंत लागू असल्याने तुमची मुलगी त्याच्या कक्षेत येते. बांधून कुलूप लावलेले स्वच्छतागृह कागदावर ‘आहे’ असे दिसते, पण मुलीच्या दृष्टीने ते नसल्यासारखेच. याच कायद्याच्या कलम 17 मध्ये बालकाला मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. कलम 32 प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांच्या आत व्हावा अशी तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल 2023 मध्ये शाळकरी मुलींच्या मासिक पाळीतील स्वच्छतेबाबत संपूर्ण देशासाठी एकसमान धोरण आखण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले होते.

तथापि सुरुवात तक्रारीने करू नका. शाळा व्यवस्थापन समितीपासून करा. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. विषय समितीच्या बैठकीत मांडला गेला की तो एका मुलीचा राहत नाही आणि तिचे नाव घेण्याची गरजच पडत नाही. 2022 च्या शासन निर्णयानुसार शाळेत सखी सावित्री समितीही (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची समिती) असायला हवी. ती आहे का आणि तिची बैठक होते का, हे विचारा. खर्चाचे कारण पुढे आले तर संयुक्त शाळा अनुदानाचा, म्हणजे शाळेला दरवर्षी किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या सरकारी रकमेचा, हिशोब मागा. 251 ते 1000 पटाच्या सरकारी शाळेसाठी हे अनुदान 75,000 रुपये ठरलेले आहे आणि त्यातील किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते. कडी, खुंटी, कचरापेट्या आणि पॅड यांसाठी 7,500 रुपये पुष्कळ होतात.

आमच्या भागात ‘पाणीच नाही’ हे उत्तर हमखास मिळते, आणि मराठवाड्यात ते खोटेही नसते. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु ग्रामीण शौचालयात बसवले जाणारे तीव्र उताराचे भांडे दीड-दोन लिटर पाण्यात स्वच्छ होते. टँकरच्या दिवसांतही दाराशी एक झाकलेले पिंप आणि मग ठेवणे शाळेला जमू शकते, मात्र ते रोज भरण्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी ठरले पाहिजे.

चिठ्ठीविषयी आणखी एक सांगावेसे वाटते. आमच्या तालुक्यातील कितीतरी घरांतील आई-वडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुली आजी-आजोबांजवळ किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. त्या मुलींनी चिठ्ठी कोणाची आणायची?

आणि चौकशीच्या सवयीला वेळीच आळा घालणे का आवश्यक आहे, हे जुलै 2025 मध्ये दिसले. ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथील एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले म्हणून मुलींना विवस्त्र करून तपासण्यात आले, आणि त्या प्रकरणात पॉक्सो (बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) कायद्याखाली गुन्हा दाखल होऊन अटकही झाली. तुमच्या शाळेचा हेतू तसा नाही हे मी जाणतो. पण कोणाला पाळी आहे हे जाणून घेण्याचा शाळेला अधिकार आहे, अशी समजूत दोन्हीकडे आहे आणि ती समजूतच चुकीची आहे.

उत्तर ४: शिक्षक, हिंगोली जिल्हा

मी सध्या सेवेत आहे आणि दुसरी बाजूही मांडली जावी असे मला वाटते. आमच्या शाळेला आवारभिंत तीनच बाजूंनी आहे. स्वच्छतागृह उघडे ठेवले की संध्याकाळी गावातील टोळकी तिथे बसतात, दुसऱ्या दिवशी दारूच्या बाटल्यांच्या काचा आम्हीच उचलतो, आणि नळाची तोटी तर आजवर कितीदा गेली असेल. शिवाय तासाला मुलगी वर्गाबाहेर असताना काही झाले तर जाब शिक्षकालाच विचारला जातो. अनेक शाळांत महिला शिक्षक एकच असते किंवा नसतेच. मुलींनी पुरुष शिक्षकांशी या विषयावर बोलावे तरी कसे, हा प्रश्न आम्हालाही पडतो.

उत्तर ५: निवृत्त मुख्याध्यापिका, परभणी जिल्हा

सर, तुमची अडचण खरी आहे, आणि म्हणूनच कुलूप हवे. फक्त ते शाळा सुटल्यावर लागावे आणि शाळा भरण्यापूर्वी निघावे. टोळकी संध्याकाळी येतात. त्यासाठी मुलींनी दिवसभर किल्ली मागत फिरणे हा उपाय नव्हे. मुलगी आवाराबाहेर जाऊ नये ही काळजी फाटकावर घ्यावी, स्वच्छतागृहाच्या दारावर नव्हे. ती बराच वेळ परतली नाही तर तिच्याच मैत्रिणीला पाहायला पाठवावे.

मुलींनी पुरुष शिक्षकांशी काय बोलावे, याचे उत्तर असे की, काहीच बोलण्याची वेळ येऊ नये अशी व्यवस्था करावी. कपड्याला डाग लागलाच तर जादा सलवार आणि पॅड कुठे ठेवले आहेत हे सर्व मुलींना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवावे. शाळेत बाई नसतील तर गावातील आशाताईंना बोलवावे. त्या हे नीट समजावून सांगतात. आणि मुलग्यांनाही पाळीविषयी विज्ञानाच्या तासाला सरळपणे शिकवावे. वर्गात पट्टी उचलली गेली की मागच्या बाकावरून होणारी खसखस त्याशिवाय थांबत नाही.

प्रश्नकर्त्या आईचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही काही आयांनी मिळून अर्ज द्यायचे ठरवले आहे. मुलीला डॉक्टरांकडेही दाखवणार आहे. अर्जाची भाषा कशी असावी, हे कोणी सांगू शकेल का? त्यात पाळीचा उल्लेख करावा की टाळावा, याविषयी आमच्यात दोन मते आहेत.

उत्तर ६: शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य, बीड जिल्हा

उल्लेख अवश्य करावा, ताई. फक्त तो कोणत्याही एका मुलीविषयी असू नये. मजकूर साधारण असा ठेवावा: “प्रशालेतील मुलींचे स्वच्छतागृह शाळेच्या संपूर्ण वेळेत विनाकुलूप खुले असावे. तासिका चालू असतानाही मुलींना कारण न विचारता जाऊ द्यावे. किल्लीची व कारणाची नोंदवही बंद करावी आणि पूर्वीच्या नोंदी कोणालाही पाहण्यास उपलब्ध ठेवू नयेत. मासिक पाळीच्या कारणासाठी चिठ्ठी किंवा तोंडी माहिती मागितली जाऊ नये. आतून लागणारी कडी, पाणी, झाकणाची कचरापेटी आणि पॅड यांची व्यवस्था करून त्याची जबाबदारी नावानिशी निश्चित करावी.” खाली सर्व आयांच्या सह्या असाव्यात, आणि ज्यांना मुली नाहीत अशा दोन-चार पालकांच्या सह्याही घ्याव्यात, म्हणजे सह्यांवरून मुली ओळखता येणार नाहीत.

अर्ज मुख्याध्यापक आणि समितीचे अध्यक्ष अशा दोघांच्या नावे द्यावा आणि विषय पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर घेण्याची विनंती त्यातच करावी. बैठकीनंतरही बदल झाला नाही तर तोच अर्ज केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवता येईल. देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यायला विसरू नका.