एसयूव्हीखालचं कव्हर आणि घरचं ऑइल चेंज: करावं की नाही?

गोरेगाव_डिझेल

घरी ऑइल बदलायचा विषय निघाला की हल्ली एकच उत्तर ऐकू येतं. "आता गाड्यांना खालून पूर्ण कव्हर असतं, ते काढायच्या भानगडीत कोण पडणार?" माझं मत नेमकं उलट आहे. खाली कव्हर आहे म्हणूनच हे काम मालकानं स्वतः करावं.

माझी डिझेल एसयूव्ही आहे, वॉरंटी संपलेली. बंपरपासून गिअरबॉक्सपर्यंत प्लास्टिकचं कव्हर, कडेनं १० नंबरचे बोल्ट, मध्ये मध्ये दाबून बसवायच्या क्लिपा. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, बोल्टखाली कंपनीनं एक छोटी खिडकी ठेवली आहे आणि सगळा घोळ तिथेच होतो. घाईतला माणूस अख्खं कव्हर काढत नाही, खिडकी उघडून बोल्ट सोडतो. पहिली धार सरळ खाली येत नाही, तिरकी उडते आणि कव्हरच्या आत जाते. काही कव्हरांना आवाज दाबण्यासाठी आतून नमद्यासारखा थर असतो, तो ऑइल पिऊन बसतो. मग कितीतरी दिवस थेंब गळत राहतात, एक्झॉस्ट तापला की जळका वास येतो, आणि मालकाला वाटतं सील गेलं.

क्लिपांचंही तेच. एका गॅरेजमधून गाडी आणली आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर वेग घेतला की खालून फडफड ऐकू यायला लागली. मागच्या क्लिपा गायब होत्या, एका बोल्टाच्या जागी भलताच स्क्रू फिरवून बसवला होता.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. कव्हर असलेल्या गाडीची बारीक गळती लवकर जमिनीवर दिसत नाही. आत साठत राहते. रेडिएटरचा पाइप झिरपतोय, ड्राइव्हशाफ्टचा रबरी बूट फाटून ग्रीस उडतंय, यातलं काहीही पार्किंगच्या फरशीवर लगेच उमटत नाही. ऑइलच्या निमित्तानं कव्हर उतरवलं की हे सगळं डोळ्यांसमोर येतं. मुंबईत मिलन सबवे नाहीतर हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून पावसाळा काढलेल्या गाडीचं कव्हर ऑक्टोबरात एकदा उघडून बघा, आत किती चिखल बसलाय ते. जॉब कार्डवर "ऑइल आणि फिल्टर" लिहिलेलं असतं तेव्हा मेकॅनिक तेवढंच करतो. दिवसाला इतक्या गाड्या हातावेगळ्या करायच्या असताना त्याला मी दोषही देत नाही. पण माझ्या गाडीकडे निवांत बघायला वेळ आहे तो मलाच.

तुमचं काय मत?

विक्रोळी_वर्कशॉप

माझा स्पष्ट विरोध. तुम्ही ऑइलबद्दल आणि कव्हरबद्दल लिहिलंत, गाडीखालच्या माणसाबद्दल एक ओळ नाही.

एसयूव्हीचा ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटरच्या आसपास. तेवढ्यात माणूस कसाबसा सरकतो, पण पान्याला झोक द्यायला हात वळत नाही. म्हणजे गाडी उचलणं आलं. आणि मुंबईत लोक ती उचलतात डिकीतल्या जॅकवर. तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर दीड-दोन टनांच्या गाडीखाली डोकं घालणं हा जिवाशी खेळ आहे. त्यात आपल्या सोसायट्यांच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, बाहेर पेव्हर ब्लॉक असतात, ते भार आला की कलतात. शिवाय कव्हर उतरवताना शेवटचा बोल्ट सुटला की ते चिखलासकट अंगावर येतं. उताणा पडलेला माणूस दचकतो, हात कुठेतरी मारतो. गॅरेजमध्ये लिफ्ट असते, नाहीतर खड्डा असतो. तुमच्याकडे काय आहे?

गोरेगाव_डिझेल

दादा, हा मुद्दा शंभर टक्के खरा आहे. मी जॅकवर काम करतच नाही. पुढची दोन्ही चाकं लोखंडी रॅम्पवर चढवतो, मागच्या चाकांना दोन्हीकडून गुटके, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला. रॅम्प नसेल तर भार पेलणाऱ्या दोन घोड्या (जॅक स्टँड), कंपनीनं नेमून दिलेल्या जागी, आणि सपाट काँक्रीटवरच. एवढं जमत नसेल त्यानं गाडीखाली जाऊ नये, इथपर्यंत आपलं एकमत आहे.

माटुंगा_रोड

मी धागाकर्त्याच्या बाजूनं. एकच भर घालतो: चेंबरच्या बोल्टाचा वायसर दर वेळी नवा टाका. किरकोळ किमतीचा असतो, तरी बरेच जण जुनाच परत दाबतात.

विक्रोळी_वर्कशॉप

आणि बोल्ट किती आवळायचा? आमच्याकडे घरच्या कारागिरीच्या गाड्या येतात त्यातल्या बऱ्याच आटे गेलेल्या असतात. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. "गळायला नको" म्हणून लांब पान्यानं एक जास्तीचा झोक दिला की आटे बाहेर. मग नवे आटे पाडून घ्या नाहीतर अख्खं चेंबर बदला. मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटरचा आकडा दिलेला असतो, त्यासाठी टॉर्क पाना लागतो. नागदेवी स्ट्रीटला चांगला मिळतो, पण वर्षातून एकदा वापरायला तो किती जण घेतील?

चारबंगला_ताई

मी सोसायटीच्या कमिटीत आहे. इथे सगळे पाने आणि बोल्टांवर बोलताय, काळ्या ऑइलचं काय करता हे कोणीच लिहिलेलं नाही.

डिझेल एसयूव्हीतून एका वेळी पाच ते सात लिटर ऑइल निघतं. आमच्याकडे एकानं ते डब्यात भरून जिन्याखाली ठेवलं होतं, डबा कलंडला. सकाळी सफाईवाल्यानं पाणी मारून सगळं गटाराच्या जाळीत ढकललं. त्याला बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मुंबईत सांडपाण्याच्या आणि पावसाळी पाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. पार्किंगच्या जाळीत गेलेलं पाणी कुठल्याही शुद्धीकरण केंद्रात जात नाही. गोरेगावचं ओशिवरा नदीत, तिथून मालाडच्या खाडीत, आणि त्या खाडीच्या तोंडाशी वेसावा कोळीवाडा आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे धातू असतात, जळणातून तयार होणारी कर्करोगकारक रसायनं असतात. ते पाण्यावर पातळ पसरतं आणि लवकर विरत नाही.

२०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही ते परत गोळा होईल याची जबाबदारी टाकली आहे. पण घरी बदललेल्या सहा लिटरसाठी आमच्या वॉर्डात ठरलेली एक जागा मला कोणी दाखवलेली नाही. ती व्यवस्था होत नाही तोवर सोसायटीच्या सामाईक जागेत हे काम नको, असंच मी म्हणणार. तुमची गाडी तुमची आहे, फरशी आणि गटार सगळ्यांचं आहे.

दहिसर_३०

ताई, भंगारवाला घेऊन जातो की. पैसेही देतो.

चारबंगला_ताई

आणि तो कोणाला विकतो? तेच ऑइल भट्टीत जळतं, किंवा गाळून परत डब्यात भरून कोणाच्या तरी इंजिनात जातं. पैसे मिळाले म्हणजे विल्हेवाट लागली असं होत नाही.

मुलुंड_चेकनाका

वॉरंटीचा विषय राहिला. "बाहेर किंवा घरी काम केलं की वॉरंटी गेली" ही भीती सर्रास घातली जाते. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला होता. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालता येणार नाही, चुकीच्या कामानं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असं त्यात म्हटलं होतं. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या हे खरं, पण आयोगाची दिशा स्पष्ट होती.

विक्रोळी_वर्कशॉप

तो आदेश गॅरेजबद्दल आहे, स्टिल्टमधल्या मालकाबद्दल नाही. टर्बो गेला आणि तुम्ही दाव्याला गेलात तर पहिला प्रश्न येणार, ऑइल कोणत्या दर्जाचं होतं आणि कोणी टाकलं. तुमच्याकडे ऑइलच्या डब्याचं बिल असेल, काम झाल्याचा पुरावा नसेल. जुनी गाडी घेणाराही शिक्क्यांची वही मागतो. वॉरंटीत असलेल्या गाडीला घरी हात लावू नये, यावर मी ठाम आहे.

परळ_बीएस६

डिझेलवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा, ऑइल घरी बदला की गॅरेजमध्ये. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक डिझेल एसयूव्हींना धुराच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, असतो. त्याला कमी राखेचं ऑइल लागतं. एसीईए या युरोपातल्या कार उत्पादकांच्या संघटनेच्या सी३ दर्जात सल्फेटेड राख ०.८ टक्क्याच्या वर चालत नाही. तिच्याच ए३/बी४ दर्जाच्या ऑइलमध्ये ती त्याहून जास्त असते. डब्यावर दोन्हीकडे ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असू शकतं, म्हणून नुसता हा दाटपणाचा ग्रेड बघून ऑइल घेतलं की डीपीएफमध्ये राख साठत जाते, आणि ती काजळीसारखी जळून जात नाही.

दुसरं, आपण परळ ते बीकेसी रांगत जातो. डीपीएफ स्वतःला जाळून साफ करायला घेतो तेव्हा त्याला काही वेळ सलग, बऱ्यापैकी वेग लागतो. तो अर्ध्यात तुटला की त्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. मग डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते, ऑइल पातळ होतं. ऑइल वाढलंय म्हणून खूश होऊ नका, बदला. शहरातल्या गाडीनं किलोमीटर पुरे व्हायची वाट बघूच नये.

म्हणून मला कोण बदलतो यापेक्षा कोण डिपस्टिक बघतो हे महत्त्वाचं वाटतं. आणि ते घरी बघणारा माणूसच करतो, इथे मी धागाकर्त्याच्या बाजूला आहे.

अंधेरी_पूर्व_७

कव्हर न काढता वरूनच का नाही घेत? डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून हातपंपानं ऑइल ओढून घ्यायचं. गाडी उचलायला नको, आटे नकोत, कव्हर नको, फरशीवर थेंब नाही. ऑइल थेट पंपाच्या टाकीत. विक्रोळीकरांचा आणि ताईंचा, दोघांचा निम्मा आक्षेप तिथेच मिटतो.

गोरेगाव_डिझेल

फिल्टर वर असेल आणि पाइप चेंबरच्या तळापर्यंत पोचत असेल तर पद्धत चांगलीच आहे. माझ्या गाडीचा फिल्टर खालून आहे, कव्हर उतरवल्याशिवाय हात जात नाही. पण फिल्टर वर असता तरी मी हे केलं नसतं. माझा मूळ मुद्दाच कव्हर उघडून खाली बघण्याचा आहे. वरून ओढणारा माणूस वर्षानुवर्षं गाडीचं पोट बघत नाही. तळाला काय बसलंय, बोल्टाच्या चुंबकावर लोखंडाचा कीस आहे का, हे त्याला कळणारच नाही.

अंधेरी_पूर्व_७

बघायचंच असेल तर पावसाळ्यानंतर एकदा गॅरेजच्या लिफ्टवर चढवून बघा. बघणं आणि ऑइल बदलणं एकत्र बांधायचं काय कारण? रॅम्पवर उताणं पडून टॉर्चच्या उजेडात जेवढं दिसतं त्यापेक्षा लिफ्टखाली उभं राहून कितीतरी जास्त दिसतं.

विक्रोळी_वर्कशॉप

हे मलाही पटतं. मी गिऱ्हाइकांना सांगतो, ऑइल, फिल्टर, वायसर तुमच्या हातानं आणा. सील तुमच्यासमोर फोडू, रिकामा डबा भोसकून परत देऊ म्हणजे कोणी त्यात भेसळ भरणार नाही. लिफ्टखाली माझ्या शेजारी उभे राहा. कव्हर पूर्ण उतरवायला सांगा, त्याची वेगळी मजुरी पडली तरी द्या. मेकॅनिक खिडकीतून काम करतो कारण पूर्ण कव्हर काढायचे पैसे त्याला कोणी देत नाही. आणि तुटलेल्या क्लिपांची पिशवी आधीच घेऊन या, त्या किरकोळ भावात मिळतात. काळं ऑइल आमच्या पिंपात जातं, ते अधिकृत गाडीवाला पावती देऊन नेतो.

गोरेगाव_डिझेल

दादा, तुमच्यासारखं गॅरेज जवळ असेल तर माणसानं जरूर जावं. माझा अनुभव असा, की शेजारी उभं राहू देणारी जागा शोधावी लागते. बऱ्याच ठिकाणी "इन्शुरन्सचा नियम आहे साहेब" म्हणून काचेपलीकडे बसवतात. मग मी माझ्या गाडीखाली स्वतःच जातो, आणि जात राहणार.

ताई, तुमच्या मुद्द्याला मात्र पूर्ण उत्तर देणं भाग आहे. मी रॅम्पखाली जाड प्लास्टिक अंथरतो, वर लाकडाचा भुसा, त्यावर घमेलं. नायट्राइलचे हातमोजे घालतो, कारण ते ऑइल कातडीवर राहू देऊ नये. निघालेलं ऑइल नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यात, झाकण घट्ट. जुना फिल्टर उलटा ठेवून निथळतो, तोही एका पिशवीत. हे सगळं ओळखीच्या गॅरेजच्या पिंपात देऊन येतो. भुसा कचऱ्यात टाकत नाही, तोही तिथेच. आणि जून ते सप्टेंबर हे काम करतच नाही.

चारबंगला_ताई

तुम्ही काळजी घेता हे दिसतंय, त्याबद्दल आभार. पण नियम तुमच्यासाठी एक आणि जिन्याखाली डबा ठेवणाऱ्यासाठी दुसरा, असा कमिटीला करता येत नाही. एक मार्ग मला दिसतो. काम करणाऱ्यानं आधी कळवावं, एका ठरलेल्या सपाट जागी करावं, जाळीपासून लांब, आणि ऑइल जिथे दिलं तिथून लेखी पोच आणावी. विक्रोळीकर, बाहेरून आणलेल्या पाच-सात लिटरची तुम्ही पोच देता का?

विक्रोळी_वर्कशॉप

ओळखीच्या माणसाला देईन. पाणी किंवा कूलंट मिसळलेलं नसावं, तेवढं बघून घेईन. पण ताई, गाडी घोडीवर की रॅम्पवर, तेही तुमच्या त्या नियमात लिहा. नुसत्या जॅकवर उचललेली दिसली तर वॉचमननं तिथेच काम थांबवावं.

चारबंगला_ताई

लिहिते. पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय ठेवीन. पोच देणारं गॅरेज पश्चिम उपनगरात कोणाला माहीत असेल तर मला कळवा, कारण सहा लिटरसाठी विक्रोळीला कोणी जाणार नाही. ते मिळेपर्यंत आमच्या स्टिल्टमध्ये माझा विरोध कायम आहे.