प्रतिसाद: चार वर्षांच्या मुलीला स्वीडिश शब्द कसे शिकवावेत?

पुढच्या महिन्यात लेक स्वीडनमध्ये बालवाडीत जाणार, तोवर रोज वीस शब्द पाठ करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. पाठांतर नको, माझं ठाम मत आहे. आमच्याकडे कपड्यांनी काम केलं. थंडीत बाहेर पडताना रोज तेच तेच घालायचं असतं: वान्तार म्हणजे हातमोजे, याका म्हणजे जाकीट, स्कूर म्हणजे बूट. मी मुद्दाम हातमोजा पायात घालायचे आणि 'स्कूर!' म्हणायचे. लेक ओरडायची, "नाही गं आई, वान्तार!" आठवडाभरात शब्द पक्के.

एक मात्र सुरुवातीपासून सांभाळा. नाम कधी सुटं सांगू नका, 'एन' किंवा 'एत' लावूनच सांगा. एन बोल म्हणजे एक चेंडू, एत हूस म्हणजे एक घर. कारण 'तो चेंडू' म्हणताना तेच शेपटीला जातं: बोलेन, हूसेत. आपली मुलं तो-ती-ते नियम न शिकता बोलतात ना, तसंच हेही कानानेच बसतं.

रंगांसाठी तिथला ससाण्याचा खेळ घ्या. एक जण ससाणा होऊन मध्ये उभा राहतो, बाकीचे विचारतात, "विल्केन फॅर्य?" म्हणजे कोणता रंग? तो "ब्लो!" म्हणाला की अंगावर निळं असलेले निवांत पलीकडे जातात, बाकीच्यांनी पळायचं. घरात तिघांतही रंगतो.

आणि घरी मराठीच बोला हं. स्वीडिश खेळापुरती ठेवा, बाकीची बालवाडीत येईलच.