निवडणूक झाली, पुढे काय?

शाळेच्या कारभारात मुलांना सामील करून घ्यावं म्हटलं, की ‘मुलांना कारभारातलं काय कळणार’ असा आक्षेप येतो. तो मला पटत नाही. उलट मला खटकतं ते हे की आपण त्यांना फक्त निवडणूक शिकवतो. जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक हौसेने होते. अर्ज, चिन्हं, प्रचार, बोटाला शाई, हल्ली मोबाइलवरचं मतदानयंत्रही. मग आरोग्यमंत्री वर्षभर नखं तपासतो आणि शिस्तमंत्री रांगा लावतो! मुलं यातून काय शिकतात? मत देऊन गप्प बसायचं.

खरं तर वाट कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीने शाळा विकास आराखडा करायचा असतो, आणि महाराष्ट्रात या समितीवर विद्यार्थी प्रतिनिधीही घेतात. मग आराखडा ठरण्याआधी वर्गावर्गांत चर्चा का होऊ नये? मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, हे सातवीतल्या मुलीइतकं कोणाला ठाऊक असणार? खेळाच्या किंवा वाचनालयाच्या खर्चातला छोटा वाटा मुलांनाच ठरवू द्यावा आणि हिशोब फळ्यावर लिहायला लावावा. मागणी मान्य झाली नाही, तर मुख्याध्यापकांनी कारण परिपाठात सगळ्यांसमोर सांगावं.