एबी १४९३ फक्त मायलेजचा कायदा नव्हता

"कॅलिफोर्नियाचा २००२चा कायदा म्हणजे मोठ्या गाड्यांवर बंदी आणि मायलेजची सक्ती" असं या चर्चेत म्हटलंय, ते पटलं नाही. कॅलिफोर्नियाच्या आमदार फ्रॅन पॅव्हली यांनी मांडलेल्या त्या कायद्यात, म्हणजे एबी १४९३मध्ये, उलट हात बांधणारी कलमं आहेत: एसयूव्हीवर बंदी नको, इंधन किंवा गाडीवर जादा कर नको, वजन कमी करायची सक्ती नको, वेगमर्यादा उतरवायची नाही. त्याखालच्या नियमांनी मर्यादा घातली ती प्रति मैल हरितगृह वायूंवर. प्रवासी गाड्या आणि हलक्या ट्रकसाठी २००९ला ३२३ ग्रॅम, २०१६ला २०५. हलक्या ट्रकमधल्याच जास्त वजनाच्या गाड्यांना वेगळी, सैल मर्यादा.

चर्चेत राहून गेलेला मुद्दा एसीचा. या हिशेबात एसीतून गळणारा वायूही धरला होता, आणि मला तो कायद्यातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो. त्या काळच्या गाड्यांतला आर-१३४ए हा एसीत भरायचा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १३०० पट तापवतो. अर्धा किलो वायू गळाला की साडेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं, म्हणजे जवळपास २८० लिटर पेट्रोल जाळल्याइतकं! गळती होते कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून, रबरी होजमधून, जोडावरच्या ओ-रिंगमधून. सायलेन्सरला नळी लावून पीयूसी काढलं तर यातलं काहीच दिसत नाही, मायलेजमध्ये तर नाहीच. म्हणून कमी झिरपणारे होज आणि चांगली सील वापरणाऱ्या कंपन्यांना हिशेबात सूट होती.

अंमल मात्र अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या परवानगीवर अडला: २००५ला मागितली, २००७ला नाकारली, ३० जून २००९ला मिळाली.