मदत हवी आहे: दसऱ्याले बुक केलेली गाडी अजून आली नाही, पैसे वापस घेऊ का?

आर्णीकर_पाटील
दसऱ्याले बुक केली, आता संक्रांतही झाली. फोन केला का शोरूमवाला म्हणते, "दादा, पुढच्या लॉटमध्ये नक्की." हा पुढचा लॉट दिवाळीपासून पुढंच हाये. २१ हजार अडकले. थांबू का पैसे वापस घेऊ? उद्या सकाळी यवतमाळले चाललो, लवकर सांगा.

सेलूचा_संत्रावाला
भाऊ, गाडी कोणती? ट्रक हाये का स्कूटर? काहीच तं लिवलं नाही.

आर्णीकर_पाटील
पांढरी.

सेलूचा_संत्रावाला
😂

आर्णीकर_पाटील
लहान कार, सीएनजी. जीएसटी कमी झाला म्हणून तर घेतली.

सोलर_भाऊ
सीएनजी काऊन घेतली बाप्पा? आर्णीत भरशील कुठी? मी इलेक्ट्रिक घेतली, घरावर सोलर हाये, रात्री वायर लावून झोपतो. अजूनही वेळ गेली नाही, रद्द कर.

आर्णीकर_पाटील
बाबांना महिन्यातून दोनदा नागपूरले दवाखान्यात न्यावं लागते. तिथं भरीन. इलेक्ट्रिकचं विचारलंच नाही मी.

धामणगावचा_दादा
सोलरभाऊ, २०२५ च्या एप्रिलमध्ये चीननं इलेक्ट्रिक मोटारीत लागणाऱ्या दुर्मिळ धातूंच्या चुंबकांवर बंधनं घातली तेव्हा मोटारीच्या काळजीनं कोणाची झोप उडाली होती? उगाच सीएनजीवाल्याले हसू नका.

सोलर_भाऊ
माझी गाडी त्याच्या आधीची हाये. तुमची डिझेल कोणत्या साली घेतली तेही सांगा.

शेतकरी_राजा
ट्रॅक्टर घेत असाल तर महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाचं पोर्टल) अर्ज करून पूर्वसंमती येईपर्यंत थांबा. आधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही.

आर्णीकर_पाटील
राजेसाहेब, कार हाये कार.

माजी_सेल्समन
पाच वर्षं अमरावतीत शोरूममध्ये होतो, म्हणून सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर १८ टक्के जीएसटी झाला, आधी २८ आणि वर सेस होता. जे थांबून होते ते सगळे एकदमच आले. अन् रांग एक नसते. मॉडेल, इंधन, रंग, प्रत्येकाची वेगळी. पांढऱ्या सीएनजीच्या रांगेत तुम्ही पन्नासावे असाल अन् राखाडीच्या रांगेत तिसरे. "कधी येईल" हे विचारूच नका, त्याचं उत्तर सेल्समनलाही माहीत नसते. मीही "पुढचा लॉट"च म्हणायचो. विचारायचं एवढंच: माझ्या नावावर चेसिस नंबर (गाडीवर कोरलेला ओळख नंबर) पडला का? पडला नसेल तर तुमची गाडी म्हणून कोणतीच गाडी नाही, नुसती पावती हाये.

नंबर पडलाच तर त्यातलं दहावं अक्षर बघा. बहुतेक कंपन्या तिथं वर्ष टाकतात. २०२५ ला एस, २०२६ ला टी. एस निघाला म्हणजे गाडी मागच्या वर्षीची, मग सूट मागा.

अन् फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं वाचली का? "डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागेल" असं असते. जुनी गाडी एक्सचेंजला दिली का?

आर्णीकर_पाटील
हो, दसऱ्यालेच देऊन टाकली. ते सांगायचं राह्यलं. १ लाख ३५ हजार लावले, नवीनमधून वजा होणार. तवापासून बाबांना भाड्याच्या गाडीनं नेतो.

माजी_सेल्समन
मग २१ हजार कशाला म्हणता? १ लाख ५६ हजार अडकले तुमचे! जुनीची आरसी कोणाच्या नावावर हाये? २९-सी भरला का?

आर्णीकर_पाटील
ते काय?

माजी_सेल्समन
गाडी अधिकृत डीलरच्या ताब्यात दिली हे आरटीओला कळवायचा फॉर्म. १ एप्रिल २०२३ पासून हाये. तो भरला नसेल तर कागदावर ती गाडी अजून तुमच्याच ताब्यात हाये.

आर्णीकर_पाटील
थांबा थांबा. मागच्या आठवड्यात मोबाइलवर चलान आलं होतं, दिग्रसचं. सीटबेल्ट नाही म्हणून. फोटोत माझीच गाडी, मागच्या काचेवर माऊलीचं स्टिकर तसंच. मले वाटलं जुनंच काही असेल. मी तर त्या दिवशी तूर काढत होतो.

सेलूचा_संत्रावाला
म्हणजे गाडी विकून टाकली त्यांनी! तुम्ही पायी अन् तुमची गाडी दिग्रसात सीटबेल्ट न लावता.

धामणगावचा_दादा
उद्या भांडू नका, आधी लेखी घ्या. जुनीची पोच, तारीख, रक्कम. तोंडी "हो दादा"ले काही अर्थ नाही. ऐकलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन हाये, अन् जिल्हा ग्राहक आयोगात भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

शेतकरी_राजा
आयोगात लय वर्षं जातात. माझ्या मोटरपंपाचं...

आर्णीकर_पाटील
जाऊन आलो. चेसिस नंबर पडलाच नव्हता. चलान दाखवलं तसा मॅनेजर केबिनमधून बाहेर आला, चहा आला. २९-सी समोर बसवून भरून घेतला, चलानचे पैसे ते भरणार, तेही लिहून घेतलं. राखाडी गाडी आठ दिवसांत देतो म्हणते, नंबरसकट. पण बाबा म्हणते पांढरीच पाहिजे, आपल्याकडच्या उन्हात दुसरा रंग तापते. आता काय करू?

सोलर_भाऊ
राखाडी घे अन् आंब्याखाली लाव.

सेलूचा_संत्रावाला
आंब्याखाली लावली तर मोहोराचा चिकटा पडते. कडुलिंबाखाली लाव.