प्राइडचा झेंडा शिवायचा आहे: सहा पट्टे, आठ पट्टे की बाणवाला?

गोधडी

आमच्या कॉलेजच्या गटाला प्राइड (समलैंगिक, ट्रान्स अशा समूहांच्या अभिमानाच्या) मोर्चासाठी कापडी झेंडे शिवायचे आहेत. बाजारात मिळतात ते पातळ पॉलिएस्टरवर एकाच बाजूने छापलेले, मागून अगदी फिकट दिसणारे. शिवणारे हात आहेत, अडलंय ते नमुन्यावर. काहींच्या मते मूळचा आठ रंगांचाच खरा. काहींना काठीकडच्या बाजूला बाण असलेला नवा हवाय. एकाने नमुना म्हणून आणलेल्या झेंड्यात तर सात रंग निघाले. रंगांचा अर्थ काय, ते कमी का झाले, पुन्हा वाढले का, आणि कापड किती घ्यावं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

ध्वजवेडा

आधी इतिहास, कारण नमुन्याचा निर्णय त्यातूनच होईल.

पहिले दोन झेंडे 25 जून 1978 रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या युनायटेड नेशन्स प्लाझामध्ये, गे फ्रीडम डेच्या दिवशी चढले. झेंड्याचे रचनाकार गिल्बर्ट बेकर यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. पण रंगाईचा भार लिन सेगरब्लोम यांनी आणि शिवणाचा जेम्स मॅकनमारा यांनी उचलला होता. ही दोन नावं बहुतेक लेखांत गळतात, म्हणून मुद्दाम लिहितोय. ग्रोव्ह स्ट्रीटवरच्या गे कम्युनिटी सेंटरच्या माळ्यावर सुमारे 30 स्वयंसेवकांनी कचऱ्याच्या मोठ्या पिंपांत पाणी, मीठ आणि रंग कालवून साधं सुती कापड रंगवलं. झेंडे अवाढव्य होते, साधारण 30 बाय 60 फूट. एक नुसत्या आठ पट्ट्यांचा, दुसऱ्याच्या कोपऱ्यात अमेरिकेच्या झेंड्यासारखे तारेही होते.

त्याआधी सर्रास वापरलं जाणारं चिन्ह म्हणजे गुलाबी त्रिकोण. नाझी छळछावण्यांत समलैंगिक पुरुषांच्या कपड्यांवर तो शिवला जाई. चळवळीने तो आपलासा केला खरा, पण मुळात तो छळणाऱ्यांनी दिलेला शिक्का. आपलं स्वतःचं, आनंदाचं काही हवं ही निकड तिथून आली.

आठ रंग वरून खाली असे: भडक गुलाबी म्हणजे लैंगिकता, लाल जीवन, नारिंगी जखमा भरून येणं, पिवळा सूर्यप्रकाश, हिरवा निसर्ग, फिरोजी जादू आणि कला, गडद निळा शांतता, जांभळा आत्मा. लाल म्हणजे अमुक समूह, हिरवा म्हणजे तमुक, असे तक्ते फिरतात ते चूक आहेत. मूळ पट्टे कोणत्याही गटाला वाटून दिलेले नाहीत. गटांसाठी रंग जोडणं 2017 पासूनचं.

आता रंग का गेले ते. 27 नोव्हेंबर 1978 रोजी सॅन फ्रान्सिस्कोचे उघडपणे समलैंगिक असलेले लोकप्रतिनिधी हार्वे मिल्क आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांची हत्या झाली आणि झेंड्याची मागणी एकदम वाढली. हाताने रंगवून ती पुरी होणं शक्य नव्हतं. पॅरामाउंट फ्लॅग कंपनीने हाताशी असलेल्या तयार इंद्रधनुषी कापडातून सात पट्ट्यांचे झेंडे विकायला सुरुवात केली. भडक गुलाबी कापड घाऊक बाजारात मिळत नव्हतं, म्हणून बेकर यांनीही तो पट्टा सोडला.

1979 मध्ये मार्केट स्ट्रीटवरच्या दिव्याच्या खांबांना झेंडे उभे लावायचे ठरले. सात पट्टे उभे टांगले की मधला नेमका खांबाआड जातो. सम संख्या हवी म्हणून फिरोजी काढला आणि लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा हे सहा उरले. लैंगिकता आणि कला हे अर्थ कोणी नाकारले नव्हते. कापड मिळालं नाही आणि खांब आडवा आला, कारण एवढंच. त्यामुळे सहा पट्ट्यांचा खोटा आणि आठांचा खरा, हा वाद मला निरर्थक वाटतो. दोन्ही बेकर यांचेच.

लोकरीचा गुंडा

ध्वजवेडा, छान लिहिलंत. नंतरच्या भरीबद्दल लिहिते.

जून 2017 मध्ये फिलाडेल्फिया शहराने सहा पट्ट्यांच्या वर काळा आणि तपकिरी पट्टा घातलेला झेंडा फडकवला. तिथल्या गे वस्तीतल्या बारमध्ये कृष्णवर्णीयांना अपमानास्पद वागवलं जातं, अशा तक्रारींवरून शहर ढवळून निघालं होतं, त्यावरचं हे उत्तर होतं. "इंद्रधनुष्यात सगळे येतातच, वेगळा पट्टा कशाला?" असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. मला त्या प्रश्नाचं उत्तर बारच्या दारातच मिळतं असं वाटतं. सगळे येत असते तर तक्रारी झाल्या नसत्या.

2018 मध्ये पोर्टलंडच्या डॅनियल क्वेझर यांनी तेच रंग बाणात नेले. वर आणखी पट्टे रचत गेलं तर झेंडा वाचता येत नाही, ही त्यांची रचनाकार म्हणून अडचण होती. काठीकडून पाहिलं तर पांढरा, गुलाबी, आकाशी (हे तिन्ही ट्रान्स झेंड्यातले), मग तपकिरी, मग काळा. बाणाचं टोक उजवीकडे, कारण पुढे जायचं आहे. तो डाव्या कडेला, कारण अजून बरंच बाकी आहे. काळ्याला इथे दुसराही अर्थ आहे: एड्सने गेलेले, एचआयव्हीसह जगणारे आणि त्यांच्यावरचा कलंक. काळ्या पट्ट्याची ही कल्पना जुनी आहे. एड्सच्या काळात सहा पट्ट्यांच्या खाली काळा पट्टा जोडलेला झेंडा होता. 1988 साली एड्सनेच गेलेले अमेरिकन हवाई दलाचे लिओनार्ड मॅटलोविच यांनी सुचवलं होतं की इलाज सापडेल त्या दिवशी सगळे काळे पट्टे उसवून जाळावेत.

2021 मध्ये ब्रिटनच्या व्हॅलेंटिनो वेकिएटी यांनी काठीला लागून पिवळा त्रिकोण आणि त्यात जांभळं वर्तुळ घातलं. ते इंटरसेक्स (जन्मतः शरीर स्त्री-पुरुषाच्या ठरीव साच्यात न बसणाऱ्या) लोकांच्या झेंड्यातून आलं, जो ऑस्ट्रेलियाच्या मॉर्गन कार्पेंटर यांनी 2013 मध्ये केला. वर्तुळ म्हणजे अखंडत्व, शरीर आहे तसंच पूर्ण आहे.

एक व्यावहारिक बाब: सहा आणि आठ पट्ट्यांवर कुणाची मालकी नाही, बेकर यांनी हक्क राखलेच नाहीत. क्वेझर यांचं रेखाटन मात्र क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (इतरांना वापराची मुभा देणाऱ्या खुल्या परवान्यांच्या) बिगर-व्यावसायिक परवान्याखाली आलं. मोर्चात न्यायला शिवलंत तर प्रश्न नाही. विकून निधी उभारणार असाल तर आधी परवानगी घ्या.

सुईदोरा

शिवणाचं मी सांगते. एक मीटरच्या आतला झेंडा करा, मोर्चात एका हाताने पेलतो आणि कापडही वाया जात नाही. तयार माप 95 बाय 57 सेंमी, म्हणजे प्रत्येक पट्टा साडेनऊ सेंमी.

मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजच्या अस्तराचं सुती कापड हव्या त्या छटेत मिळतं, पण पातळ असतं. त्यापेक्षा कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन घ्या. पन्हा विचारूनच घ्या: 110 सेंमीचा असेल तर पट्टा आडवा कापता येतो आणि जोड लागत नाही. 90 सेंमीचा असेल तर झेंडा तेवढा लहान करा, पट्ट्याला मध्ये जोड देऊ नका, तिथेच चुणी पडते. एका झेंड्याला प्रत्येक रंगाचं पाव मीटर पुरतं आणि थोडं उरतं. पाच झेंडे करायचे तर प्रत्येकी पाऊण मीटर.

कापण्याआधी प्रत्येक रंग वेगवेगळा धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. मग ओलं पांढरं फडकं घासून पाहा. लाल आणि जांभळा हमखास सोडतात, आणि शिवल्यावर पाऊस लागला तर लालाचे ओघळ पिवळ्यावर येतात. सुती कापड आटतंही, म्हणून धुतल्यावरच मापं घ्या.

मधले चार पट्टे साडेबारा सेंमी रुंद कापा, सर्वांत वरचा आणि खालचा तेरा. लांबी सगळ्यांची एक मीटर. शिवण जीन्सच्या मांडीला असते तशी चपटी घ्या: दीड सेंमीवर पहिली टीप, एका बाजूची दाब (टिपेबाहेर उरलेली कड) अर्धी कापायची, दुसरी तिच्यावर दुमडून दुसरी टीप. अशी शिवण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि धागे निघत नाहीत. साधी शिवण घेऊन इंटरलॉक केलंत तर मागची बाजू उघडी पडते. मग छापील झेंड्याहून वेगळं ते काय?

पट्टे जोडताना एक शिवण डावीकडून सुरू केली तर पुढची उजवीकडून करा. सगळ्या एकाच दिशेने मारल्या की कापड थोडं थोडं सरकत जातं आणि झेंडा तिरका होतो. दोरा पॉलिएस्टरचा, टाका अडीच मिलिमीटर.

गोधडी

सुईदोरा, अनेक आभार! वाचून गटाने बाणवाला ठरवलाय, आमच्यात ट्रान्स मुलं-मुली आहेत आणि त्यांची तशी इच्छा आहे. तो त्रिकोण वरून लावला तर मागे नुसतेच पट्टे दिसतील ना? आणि आकाशी रंग हवा तसा मिळाला नाही तर घरी रंगवता येईल का?

सुईदोरा

दोन्ही बाजूंनी लावावा लागेल, मागचा आरशातल्यासारखा उलटा. आधी कागदावर आखा. पांढऱ्या त्रिकोणाचा पाया काठीच्या कडेवर 34 सेंमी, टोक मधल्या रेषेवर 17 सेंमीला. पुढच्या चार पट्ट्या मधल्या रेषेवर मोजून साडेपाच सेंमीच्या, म्हणजे काळ्याचं टोक 39 सेंमीवर येतं. सगळ्या रेषा 45 अंशात.

चुकतं ते इथेच. 45 अंशात कापलेली कड म्हणजे उरेब, ती ओढली की ताणते आणि बाणाला लाटा येतात. म्हणून कापण्याआधी मागून पातळ चिकट बकरम इस्त्रीने लावा. पांढऱ्याखालून नारिंगी-हिरवे पट्टे दिसतात, तेव्हा दोन्ही बाजूंचे त्रिकोण टाचून टीप मारण्याआधी आतले पट्टे कडेपासून दोन सेंमी ठेवून कापून काढा. त्याने काठीकडचं वजनही घटतं.

रंगाटी

रंगाईबद्दल. सुती कापडाला थंड पाण्यातले रिॲक्टिव्ह रंग घ्या. 100 ग्रॅम कापडाला दोन लिटर पाणी, मीठ 100 ग्रॅम, धुण्याचा सोडा 40 ग्रॅम. आकाशीला रंग अर्धा ग्रॅमही पुरे, गडद छटेला तीन-चार ग्रॅम. कापड ओलं करून रंग-मिठाच्या पाण्यात अर्धा तास हलवत राहा, मग कापड बाहेर काढून वेगळ्या पाण्यात विरघळवलेला सोडा घाला, कापड परत टाका, आणखी तासभर. सोडा थेट कापडावर पडला तर डाग पडतात. खाण्याचा सोडा चालणार नाही, त्याने रंग धाग्याला नीट धरत नाही. पॉलिएस्टर मिसळलेलं कापड या रंगांनी फिकटच राहतं, घेताना एक धागा जाळून पाहा: सुताची राख होते, पॉलिएस्टरची कडक गोळी.

छापखाना

पोस्टरही करणार असाल तर सहा रंगांचे आरजीबी आकडे देतो. अधिकृत असे कोणतेच नाहीत, हे प्रचलित आहेत. लाल 228-3-3, नारिंगी 255-140-0, पिवळा 255-237-0, हिरवा 0-128-38, निळा 36-64-142, जांभळा 115-41-130. छपाईत निळा आणि जांभळा एकसारखे येण्याची तक्रार नेहमीची आहे. निळ्यातला मॅजेंटा कमी करा, मोठी प्रत काढण्याआधी एक नमुना कागदावर बघा.

ध्वजवेडा

तो सात रंगांचा नमुना राहिलाच होता. गोधडी, तो झेंड्यांच्या दुकानातून आणला असेल तर बहुधा सहकाराचा झेंडा आहे! इंटरनॅशनल को-ऑपरेटिव्ह अलायन्स या सहकारी संस्थांच्या जागतिक संघटनेने 1925 मध्ये सप्तरंगी झेंडा स्वीकारला. 2001 मध्ये अलायन्सने तो बदलून पांढऱ्यावर बोधचिन्ह घेतलं, प्राइडच्या झेंड्याशी होणारी गल्लत हे त्याचं एक कारण. आपल्याकडे मात्र 14 ते 20 नोव्हेंबरच्या सहकार सप्ताहात सप्तरंगीच फडकतो. ओळखायची खूण: त्यात आकाशी आणि गडद निळा असे दोन वेगळे पट्टे असतात. इटलीतला शांततेचा झेंडाही सात रंगांचा, पण त्यात बहुधा जांभळा वर असतो आणि मध्ये 'पाचे' लिहिलेलं असतं.

मोर्चात तिरंगाही असेल तर ध्वजसंहिता लक्षात ठेवा. दोन्ही एका काठीवर नकोत, दुसरा झेंडा तिरंग्याहून उंच नको, आणि इतर झेंड्यांबरोबर चालताना तिरंगा चालणाऱ्यांच्या उजव्या हाताला किंवा रांगेच्या मध्यासमोर. तिरंग्यावर काही लिहू किंवा जोडू नका.

गोधडी

अगदी बरोबर, दुकानातूनच आणला होता तो! शेवटचं विचारते: काठी कशी बसवायची?

सुईदोरा

पांढऱ्या जाड ड्रिलची 60 बाय 14 सेंमी पट्टी कापा. दोन्ही टोकं आत दुमडा, लांबीत दुहेरी करा, झेंड्याची कड तिच्यात दीड सेंमी घालून दोन टिपा मारा. साडेपाच सेंमीची खोळ तयार होते, त्यात पाऊण इंची पीव्हीसी पाइप सहज जातो. खोळीचं वरचं तोंड शिवून बंद करा, नाहीतर झेंडा घसरून हातावर येतो. पाइप दीड मीटरपेक्षा लांब घेतलात तर वाऱ्यात वाकतो, त्याहून लांब हवा तर बांबू.

मोकळ्या टोकाची दुमड अडीच सेंमीची ठेवा आणि तिथे चार टिपा मारा. झेंडा आधी तिथेच फाटतो. फाटला की तेवढं टोक कापून पुन्हा दुमडायचं.